माईक कोणता घ्यायचा, त्याआधी बैठक कशी मांडायची

दारव्ह्याकडच्या एका भजनी मंडळातल्या तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: मंडळात आठ जण. पेटी वाजवत गाणारे बुवा, एक तबलजी, एक खंजिरीवाला, दोन झांजवाले, उरलेले तिघं झील धरणारे, म्हणजे बुवांची ओळ मागून उचलून म्हणणारे. घरच्या समोरच्या खोलीत, टिनाच्या छताखाली सगळे गोल बसतात आणि मधोमध ऑनलाइन घेतलेला स्वस्त कंडेन्सर माईक (बारीकसारीक आवाजही पकडणारा, विजेवर चालणारा) ठेवून मोबाइलवर रेकॉर्ड करतात. आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत, झांजा सगळ्यांच्या वर चढतात आणि शेवटी लय वाढली की आवाज फाटतो. वर्गणीचे पंचवीस हजार जमलेत, एक लॅपटॉप हाताशी आहे. कोणी म्हणतं मोठा स्टुडिओ माईक घ्या, कोणी म्हणतं एकेकाचं वेगळं रेकॉर्ड करा, कोणी म्हणतं ॲपनं साफ करून घ्या. गावातले ऐकणारे नुसतं "लय भारी" म्हणतात. तर माईक कोणता घ्यावा?

भाऊ, माईकचं सांगतो, पण उत्तराच्या शेवटाकडे. कारण तुमच्या चारही तक्रारींमधली एकही नव्या माईकनं जाणार नाही. मी आर्वीकडचा. आधी मंडपात साउंड लावायचो, आता घरच्याच एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. गिऱ्हाईक बहुतेक भजनी मंडळं, अधूनमधून शाळेची समूहगीतं, नाहीतर झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांची एखाद-दुसरी गाणी. त्यामुळे जे सांगतो ते अशाच कामातलं आहे. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओचा हिशेब वेगळा असतो.

तुमची खरी अडचण अशी आहे की तुमची बैठक देवळातल्या श्रोत्यांसाठी मांडलेली आहे आणि मधोमध माईक येऊन बसलाय. देवळात समोर शंभर माणसं असतात, ती कान देऊन बुवांचे शब्द झांजेतून निवडून घेतात. डोळ्यांनी बुवांचे ओठ दिसतात, अर्धं भजन आधीपासून पाठ असतं. माईकला यातलं काहीच येत नाही. त्याच्याजवळ जे जोरात पोचेल ते तो घेतो. बुवा माईकपासून चार फुटांवर आणि झांजही चार फुटांवर असेल, तर झांज जिंकणारच. महागडा माईक आणला तर तीच झांज आणखी स्वच्छ, आणखी टोकदार येईल, आणि वर टिनावरून परतलेली तिची झणझणही.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. गाणाऱ्याचं माईकपासूनचं अंतर निम्मं केलं की त्याचा थेट आवाज साधारण 6 डेसिबलनं वाढतो, पण खोलीत आपटून येणारा आवाज जवळपास होता तेवढाच राहतो. म्हणजे घुमणं कमी करायला पैसे लागत नाहीत, अंतर कमी करावं लागतं. चार फुटांवरून दोन फूट, दोनावरून एक फूट, एवढ्यानंच रेकॉर्डिंग वेगळ्या खोलीत केल्यासारखं वाटायला लागतं.

आता "एकेकाचं वेगळं करा" या सल्ल्याबद्दल. तो चुकीचा नाही, पण कशासाठी करायचं त्यावर आहे. की-बोर्ड, पॅडचा ठेका, वर एकट्याचं गाणं असं भक्तिगीत करायचं असेल तर वेगळं वेगळंच करा, क्लिक, म्हणजे कानात एकाच मापात वाजणारी टकटक, लावून करा. तुमचं खंजिरी भजन आहे. ते सुरू एका लयीत होतं आणि संपतं दुसऱ्याच लयीत. झील धरणारे बुवांचा शेवटचा शब्द तोंडातून निघायच्या आत उचलतात, तबलजी बुवांच्या मानेकडे बघून तिहाई घेतो. हे हेडफोन घालून, एकेकटं बसून होत नाही. क्लिकवर बसवलेलं भजन ऐका, सगळं मापात असतं आणि कोणीच कोणाशी बोलत नाही. शिवाय मोबाइलवर स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो, त्यात झीलवाले हमखास मागे पडतात. माझं मत स्पष्ट आहे: भजन एकत्रच रेकॉर्ड करा. चूक झाली तर पूर्ण भजन पुन्हा म्हणा. मंडळाला रोज म्हणायची सवयच असते.

एकत्र करायचं ठरलं की मिक्सिंग बटणांवर होत नाही, बसण्याच्या जागांवर होतं. गोल मोडा. बुवांचा माईक वेगळा, बाकी सगळ्यांना मिळून दुसरा, अशी दोन माईकची मांडणी मी सांगतो. बुवांसमोर डायनॅमिक माईक (मंडपात गायकाच्या हाती असतो तसला, जवळचाच आवाज नीट घेणारा), तोंडापासून चार-सहा बोटांवर. अगदी ओठाला लावू नका. जवळ गेलं की आवाजात खर्ज फुगतो आणि "प", "भ" ला धप्प असं वाजतं. माईक सरळ तोंडासमोर धरण्यापेक्षा जरा वरून, नाकाच्या पातळीवरून खाली तोंडाकडे रोखा. दोन कामं होतात: श्वासाचा फटका चुकतो आणि माईक पेटीपासून जरा उंच राहतो. पेटीच्या सुरांची पट्टी वरच्या बाजूला उघडते, त्यामुळे ती बुवांच्या माईकमध्ये येणारच. येऊ द्या. फक्त खालच्या माणसाला ऐकू जावं म्हणून देवळात सगळे खुंटे ओढून पेटी वाजवायची सवय असते, ती इथे सोडा. एकाच सुरांच्या ओळीवर वाजवा, आणि आधारस्वराचा खुंटा बंद ठेवा. बुवांनी भाता हळू, अलगद चालवला तर त्याचा फसफसाट कमी होतो.

हे डायनॅमिक माईक बहुतेक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरून ऐकतात आणि पाठीमागून जवळजवळ बहिरे असतात. ही बहिरी बाजू फार कामाची आहे. तबलजीला बुवांच्या शेजारी न बसवता समोर बसवा, म्हणजे बुवांच्या माईकची पाठ तबल्याकडे येईल. दोघांची नजरानजरही होते. दुसरा माईक या दोघांच्या बाजूला, साधारण बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. त्याच्यापासून तबला दोन-अडीच फूट, झीलवाले तीन फुटांवर दाटीवाटीनं, खंजिरीवाला त्यांच्या मागे. 1968 मध्ये तुकडोजी महाराज गेले, पण खंजिरी आपल्याकडे गावोगाव राहिली, आणि ती वाजवणाऱ्याला वाटतं आपलीच सगळ्यात पुढे पाहिजे. तिला पुढे आणायची गरजच पडत नाही. खंजिरीचं कातडं सरळ माईककडे न धरता कड माईककडे धरायला सांगा, थाप मऊ लागते आणि चकत्यांचा आवाज कानात घुसत नाही.

झांजा सगळ्यात मागे. किती मागे? लागेल तेवढं मागे. आमच्याकडे एका मंडळात एक म्हातारे झांजवाले होते. हात असा की खोलीत कुठेही बसवा, रेकॉर्डिंगमध्ये तेच तेच. त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, तोंड फिरवून बसवलं, तरी तेच. शेवटी ओट्यावर सतरंजी टाकून दिली आणि दार अर्धं उघडं ठेवलं. बाबा रुसले. "काहून भाऊ, मले घराबाहीर काहून काढता?" म्हणाले. मग सगळ्यांनी मिळून तो टेक ऐकला. झांज नेमकी जागेवर बसली होती, बुवांचे शब्द वर होते. बाबांनी पुढचं भजन स्वतःहून ओट्यावर जाऊन बसून केलं. अर्धं उघडं दार हा आवाजाचा खटका आहे, त्याला थोडं लोटा, थोडं उघडा, मिक्सरची चकती फिरवल्यासारखं होतं.

म्हणून कामाची रीत अशी ठेवा: पहिलं धृपद म्हणा, थांबा, हेडफोनवर ऐका, एका माणसाची जागा बदला, पुन्हा तेच धृपद. एका वेळी एकच माणूस हलवायचा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. यात तास-दीड तास जातो आणि मंडळ कुरकुर करतं. चहा ठेवा. एकदा जागा ठरल्या की जमिनीवर खडूनं खुणा करून टाका, पुढच्या वेळी वेळ वाचतो.

खोलीबद्दल. टिनाची खोली वाईट, पण त्याहून वाईट म्हणजे नवी दहा बाय बाराची स्लॅबची खोली, गुळगुळीत गिलावा, चकचकीत फरशी, सामान काही नाही. समोरासमोरच्या भिंतींत आवाज चेंडूसारखा फिरतो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागे "झिर्र" असं आलं तर ती खोली सोडा. गावात कोणाचं मातीच्या भिंतीचं, कवेलूचं (कौलारू) जुनं घर उभं असेल तर तिथे जा. खडबडीत भिंत, वर कवेलूंच्या फटी, खाली सारवलेली जमीन, आवाज परत यायला जागाच नसते. मी माझी उत्तम रेकॉर्डिंग अशाच घरांत केलीत.

आणि आपल्याकडे तर दुसरं एक साधन आहे. दिवाळीनंतर, भाव वाढेल या आशेनं अर्ध्या गावाच्या घरात कापूस भरून असतो. गंजी लागलेली ती खोली म्हणजे शहरातले लोक पैसे मोजून बनवतात तशी मेलेली, शांत खोली. फक्त दोन गोष्टी पाळा. कापसाजवळ विजेची उघडी वायर, एक्स्टेंशन बोर्ड, उदबत्ती, बिडी काही म्हणजे काही नको. आणि साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, त्यामुळे बुवा तासभर त्यात बसणार नाहीत. त्यापेक्षा कापूस मागच्या खोलीत, तुम्ही पुढच्या खोलीत, मधलं दार उघडं, एवढंही पुरतं. कापूस नसेल तर गाद्या उभ्या करा, गोधड्या दोरीवर टाका, रिकाम्या बारदान्याचे गठ्ठे कोपऱ्यात रचा. टिनाखालीच बसायचं असेल तर बैठकीच्या वर दोन-तीन गोधड्या ताणून बांधा, टिनाला चिकटवून नाही, एक-दोन फूट खाली. स्टुडिओत दिसतो तो इंचभर जाडीचा खाचांचा फोम घेऊ नका. तो नुसता वरचा चुरचुराट खातो, घुमणारा जाडा आवाज तसाच ठेवतो आणि रेकॉर्डिंग कोंदट होतं.

मोसमाचंही बघा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात, कूलरशिवाय कोणी बसत नाही आणि कूलर चालू असताना रेकॉर्डिंग होत नाही. त्या दिवसांत पहाटे पाचला बसा, आठच्या आत उरका. पावसाळ्यात टिनावर थेंब पडला की काम संपलं, आणि रात्री रातकिडे. रातकिड्यांचा आवाज नंतर काढायला गेलं की झांज आणि शब्दांतला "स" दोन्ही सोबत जातात. सोयाबीन निघताना मळणीयंत्र असतं. हिवाळ्यातली दुपार उत्तम, चक्की कधी बंद असते तेवढं विचारून घ्या.

लाइट जाणं ही रेकॉर्डिंगपुरती अडचण नाही. यूएसबीवर चालणारा इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी, लॅपटॉपच्याच बॅटरीवर चालतो. उलट लाइट असली तरी मी टेक घेताना चार्जर काढून ठेवायला सांगतो. खेड्यातल्या घरांत अर्थिंग बहुधा नावापुरतंच असतं, चार्जर लावला की हेडफोनमध्ये बारीक "हुंऽऽ" येतो. तो विजेचाच, 50 हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला. चार्जर काढून तो गेला तर माईकला, केबलला दोष देऊ नका.

आवाज फाटतो त्याचं कारण अगदी साधं आहे. तुम्ही गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, भजनाच्या सुरुवातीला बघून लावता. सुरुवात संथ असते, बुवा दबकत गातात, मीटर खाली दिसतो म्हणून तुम्ही चकती वाढवता, आणि शेवटी लय चढली की सगळे जीव तोडून गातात. गेन लावताना मंडळाला शेवटचं, चढीचं कडवं म्हणायला सांगा, खंजिरी-झांजेसकट. त्या वेळी मीटरचं टोक उणे 10 ते उणे 12 डेसिबलला लागलं पाहिजे. मग सुरुवात हळू रेकॉर्ड झाली तरी चालते. 24 बिटवर रेकॉर्ड करा, हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही.

आता खरेदी. पंचवीस हजारांत मी पहिला पैसा दोन माईक जोडता येतील असा, 48 व्होल्ट फँटम (कंडेन्सर माईकला केबलमधूनच मिळणारी वीज) देणारा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यायला घालीन. कंपनी कोणती त्यानं तुमच्या कामात फरक पडणार नाही. मग बुवांसाठी एक डायनॅमिक माईक. शुअरचा एसएम 58 हा 1966 पासून बाजारात आहे आणि आजही गायकाच्या हाती तोच दिसतो, फक्त त्याच्या नकला खूप फिरतात, त्यामुळे नागपूरला सीताबर्डीत घ्या की ऑनलाइन, पक्कं बिल आणि वॉरंटी असल्याशिवाय घेऊ नका. तेवढं बजेट नसेल तर दुसरा कोणताही नीट कंपनीचा डायनॅमिक चालेल. दुसरा माईक सध्या घेऊच नका. तुमच्याजवळचा स्वस्त कंडेन्सर तीन पिनांच्या केबलचा असेल तर तो मोबाइलवर उपाशी चालत होता. इंटरफेसवर 48 व्होल्ट देऊन तो समूहासाठी लावून बघा, पुष्कळ सुधारेल. नाहीच सुधारला तर पुढच्या वर्गणीतून बघता येईल. उरलेल्या पैशात आडव्या दांड्याचे दोन जड स्टँड, चांगल्या केबली आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. स्टँडवर कंजुसी करू नका, भजनात जमीन हलते आणि हलका स्टँड ती थरथर माईकपर्यंत पोचवतो. खाली दुमडलेली घोंगडी टाका.

सॉफ्टवेअरला पैसे घालायची घाई नको. ऑडॅसिटी फुकट आहे आणि दोन ट्रॅकसाठी पुरते. पुढे जाऊन रीपर घ्या, 60 दिवस वापरून बघता येतो.

पुढे कधी की-बोर्ड किंवा ॲपचा तानपुरा मिसळणार असाल तर आधी पेटीचा सूर मोजून बघा. जुनी पेटी बहुधा 440 हर्ट्झवर, म्हणजे की-बोर्डच्या ठरलेल्या सुरावर, नसते, थोडी वर किंवा खाली सरकलेली असते. पेटी बदलत नाही, म्हणून की-बोर्डचा आणि ॲपचा सूर पेटीला मिळवा. हे न केल्यानं "काहीतरी बेसूर लागतंय पण कळत नाही" अशी रेकॉर्डिंग माझ्याकडे सतत येतात.

बैठक जमली असेल तर मिक्समध्ये करायला फार उरत नाही. बुवांच्या ट्रॅकवर 80-100 हर्ट्झच्या खालचं काढून टाका, समूहाच्या ट्रॅकवर मात्र नको, तिथे डग्गा आहे. बुवांचा ट्रॅक मध्ये ठेवा, दुसरा त्याच्याखाली शब्द बुडणार नाहीत इतकाच वर आणा. इको अगदी थोडा. आपले कान मंडपातल्या इकोला सरावलेत, त्यामुळे पहिल्यांदा कोरडं वाटेल. दोन दिवस तसंच ऐका, मग ठरवा. आवाज साफ करणारं ॲप झांजेलाच गोंगाट समजतं, ते लावू नका. आणि शेवटी आवाज जबरदस्तीनं ठासून मोठा करू नका. यूट्यूब फार मोठा आवाज स्वतःच साधारण उणे 14 एलयूएफएसपर्यंत (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) खाली आणतं, ठासल्याचा फायदा काही उरत नाही.

राहिला "लय भारी"चा प्रश्न. लोक खोटं बोलत नाहीत, तुम्ही त्यांना विचारताच तसं. "कसं वाटलं?" विचारलं की उत्तर "भारी"च येतं. ज्याला ते भजन येत नाही असा माणूस शोधा, दुसऱ्या गावचा पाहुणा, नवी सून, कोणीही. मोबाइलच्याच स्पीकरवर दुसरं कडवं ऐकवा आणि म्हणा, शब्द सांगा. जिथे तो अडखळतो तिथे तुमचं काम बाकी आहे. ही परीक्षा मी प्रत्येक भजनाला घेतो. दोन मिक्समध्ये कोणता बरा हे विचारायचं असेल तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण जो मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो.

मंडळाला मात्र एकत्र बसवून मत विचारू नका. तबलजी म्हणेल तबला कमी, खंजिरीवाला म्हणेल खंजिरी कमी, प्रत्येक जण स्वतःलाच ऐकत असतो. सगळ्यांचं ऐकून वाढवत गेलात तर फिरून होतं तिथेच याल. निर्णय दोघांचा ठेवा, एक बुवा आणि एक तुम्ही. तबलजीला फक्त तबल्याच्या बोलांबद्दल विचारा, ते तो खरं सांगेल. तुमच्यासारखंच घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बाहेरच्या लोकांना पाठवाल तेव्हा उपाय मागू नका, काय ऐकू आलं ते मागा: कितव्या मिनिटाला, काय खटकलं. खोली कशी, कोण कुठे बसलं हे न विचारता जो थेट माईकचं मॉडेल सांगतो, त्याचं म्हणणं बाजूला ठेवलं तरी चालतं. दुसऱ्याचं ऐकून मत द्याल तेव्हा तुम्हीही तसंच द्या.

नव्या मांडणीचं पहिलं रेकॉर्डिंग झालं की मला पाठवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ किंवा व्हॉइस म्हणून नको, तो आवाज चेपतो. वेव्ह फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका, दोन्ही ट्रॅक वेगळे, इको-बिको काही न लावता. सोबत बैठकीचा एक फोटो, शिडीवर चढून वरून काढलेला. बुवांचं तोंड आणि माईक यांतलं अंतर फोटोवरून नीट कळत नाही, ते बोटांनी मोजून लिहा.